जर-तरभाऊ

आमच्या जर-तरभाऊंना "चहा घेता का?" असं विचारणारा माणूस नवखा आहे, हे ओळखायला वेळ लागत नसे. जुने लोक न विचारता कप पुढे करायचे. नवख्याने विचारलंच तर भाऊ खुर्चीत सावरून बसत, चष्मा पुसत आणि सांगत, "घेतो ना. जर दूध फाटलं नसन, आणि जर साखर असन, किंवा साखर नसून गूळ असन, तर घेतो." एवढं होईपर्यंत विचारणारा माणूस चहाच काय, आपलं नावही विसरलेला असे. बाकी सगळं बोलणं अस्सल झाडीपट्टीतलं, पण 'जर', 'आणि', 'किंवा', 'तर' हे चार शब्द मात्र ते पुस्तकातल्यासारखे, ठासून उच्चारत. त्यावरून त्यांना हे नाव पडलं आणि ते इतकं पक्कं बसलं की त्यांच्या बायकोलासुद्धा लोक जर-तरवहिनी म्हणत.

ही गोष्ट सन पन्नासनंतरची, अहेरीच्या बाजूची. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा मुलूख चांद्यातच मोडायचा. जंगलातून सागाचे ओंडके यायचे आणि आमच्या शेठच्या आरामशीनवर त्यांच्या फळ्या व्हायच्या. मी तिथला कंपाउंडर. डॉक्टर नव्हताच, त्यामुळे लोक मलाच डाक्टर म्हणत आणि मीही फारशी हरकत घेत नसे. भाऊ विजेचे फोरमन. त्याआधी ते रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. रूळ बरोबर जुळल्याशिवाय सिग्नलचा दांडा खाली ओढताच येत नाही, अशी तिथली व्यवस्था. ती व्यवस्था भाऊंच्या डोक्यात अशी शिरली की नोकरी सुटली तरी ती काही सुटली नाही. जगात जे जे वाईट होतं ते आधीचं मागे आणि मागचं आधी केल्यामुळे होतं, यावर त्यांची देवावर असावी तशी श्रद्धा होती.

त्यांचं क्वार्टर आणि माझं क्वार्टर यांच्यामध्ये एकच न्हाणी होती, तट्ट्याची. आत कोणी आहे की नाही हे कळावं म्हणून बाहेरून खाकरायचा रिवाज. भाऊंना खाकरणं मंजूर नव्हतं. "खाकरणं म्हणजे विचारणं झालं. दारानं सोताहून सांगितलं पायजे," असं म्हणत त्यांनी आतल्या कडीला सुतळी बांधली, सुतळी कप्पीवरून नेली आणि कडी लागली की बांबूच्या टोकावर लाल चिंधी चढेल अशी सोय केली. सोय उत्तम होती. इतकी उत्तम, की नाल्यापलीकडच्या हातपंपावरून आणि शाळेच्या ओट्यावरूनही आमची आंघोळ दिसू लागली. बाजारात एका म्हातारीने वहिनींना विचारलं, "आज लय येळ लागला जी तुम्हाले, डोक्यावरून घेतलं का?" वहिनी घरी आल्या त्या थेट सुतळी कापूनच थांबल्या. भाऊ दुखावले. मला म्हणाले, "यंत्र बरोबर होतं, कंपाउंडर. फक्त चिंधी उंच झाली."

मला ते रोज संध्याकाळी शिकवायचे. मी विचारलेलं नसताना. 'आणि' म्हणजे काय, 'किंवा' म्हणजे काय. अहेरीची मोटार सुटायला ड्रायव्हर पाहिजे, आणि कंडक्टर पाहिजे, आणि इंजिनात पाणी पाहिजे. तिघांतलं एक जरी कमी पडलं तरी मोटार उभी. हा 'आणि'. मोटार बंद पडायला मात्र टायर फुटला तरी चालतं, किंवा ड्रायव्हरची सासुरवाडी आली तरी चालतं. हा 'किंवा'. "चालू व्हाले सगळे लागतात आणि बंद पडाले एक पुरे. असं मशीन बनवलं तर माणूस वाचते," हे सांगताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा, कारण तिथे गंमत संपायची.

आमची आरामशीन तशी नव्हती. शेडच्या एका टोकाला मोठी गोल करवत, तिच्याकडे ओंडका ओढून नेणारी साखळी आणि कापलेल्या फळ्या बाहेर नेणारा पट्टा. दुसऱ्या टोकाला इंजिनघर, तिथे रहीमचाचा. तिन्हींचे खटके चाचांच्या हाताखाली. मध्ये सागाच्या थप्प्या, त्यामुळे या टोकाचं त्या टोकाला दिसत नसे. करवतीजवळच्या माणसाने ओरडायचं, मधल्यांनी ते ओरडणं पुढे ढकलायचं आणि चाचांनी खटका टाकायचा किंवा काढायचा. करवत सुरू असताना स्वतःचं ओरडणंही ऐकू येत नाही. 'थांबव' कधी 'चालव' म्हणून पोचायचं, कधी पोचायचंच नाही. मग एखादा माणूस उपरण्यात हात गुंडाळून माझ्या दारात उभा राहायचा. आमच्या टपरीवर कोणी बोटं दाखवून चहा मागवला तर टपरीवाला आधी नीट निरखून बघे, कारण दाखवलेली बोटं आणि मागितलेले कप यांचा मेळ बसेलच असं नव्हतं. मी हसत लिहितोय, पण ते हात मीच बांधलेले होते.

भाऊंनी शेठच्या मागे लागून लागून नागपूरहून एक पेटी मागवली. माणूसभर उंचीची लोखंडी पेटी आणि आत ओळीने बसवलेले रिले. रिले म्हणजे तारेची गुंडाळी आणि तिच्यासमोर लोखंडाची छोटी पट्टी. गुंडाळीत वीज आली की ती पट्टीला ओढते, पट्टी दुसऱ्या तारेला टेकते आणि पुढची वाट खुली होते. वीज गेली की पट्टी मागे आणि वाट बंद. बस, एवढंच. "रिले म्हणजे एकच गोष्ट समजणारा माणूस," भाऊ म्हणायचे. "पण ते एक त्याले पक्कं समजते. आपल्याले शंभर गोष्टी समजतात, आणि सगळ्या अर्ध्या." अशा अडाण्यांची एक नीट रांग लावली की ती रांग शहाण्यासारखी वागते, हे त्यांचं ठाम मत. शेठला ते पटलं नव्हतं. "ओरडाले माणसं हायेत ना," हे शेठचं म्हणणं. शेवटी ठरलं असं, की शेठ स्वतः येऊन बघणार. पेटीने काम करून दाखवलं तर ठेवायची, नाहीतर आल्या वाटेने नागपूरला परत.

पेटी आल्या वाटेने परत जायची पाळी आलीच नसती, कारण ती येतानाच बुडाली. वैनगंगेपर्यंत ट्रकने आली आणि नदीतून उतरवायला गाडीत घातली. गाडीला जुंपले होते हल्ये, म्हणजे रेडे. म्हशीच्या जातीला भर दुपारी गुडघाभर पाणी दिसलं की काय होतं हे आमच्याकडे रांगतं पोरही सांगेल, पण पेटी किती मोलाची यावर भांडण्यात सगळे इतके रंगले होते की हल्यांचा विचार कोणीच केला नाही. हल्ये पात्राच्या मध्यावर आले, एकमेकांकडे बघितलं आणि शांतपणे खाली बसले. गाडी कलली. पेटी पाण्यात. भाऊ काठावरून ओरडत होते, "उठा रे! उठा रे बापा!" आणि हल्ये डोळे मिटून रवंथ करत होते. घरी आणून पेटी उघडली तर आत गाळ, शेवाळ आणि रिलेंच्या रांगेत एक जिवंत मासोळी. भाऊंनी ती ओंजळीत घेऊन विहिरीत सोडली आणि मग मात्र ओट्यावर डोकं धरून बसले. पेटी सुकवून, एकेक पट्टी घासून साफ करायची तर बरेच दिवस लागणार होते. शेठ दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता.

त्या संध्याकाळी भाऊ चहा प्यायले नाहीत. एकाएकी उठले आणि म्हणाले, "कंपाउंडर, तुम्हाले एक गोष्ट समजते का?"

"समजत असावी," मी म्हणालो.

"पुरे झालं. तुम्ही रिले."

सकाळी त्यांनी शेडमध्ये माणसांची पेटी मांडली. प्रत्येकाला एकच नियम. करवतीजवळ सोमाजी. त्याच्या हातात चुन्याने रंगवलेली पांढरी पाटी. सगळं ठीक असेल तोवर पाटी डोक्यावर धरायची, काही अडलं तर खाली टाकायची. मला हे उलटं वाटलं. अडलं की पाटी वर करावी, नाही का? भाऊ माझ्यावर उखडले. "अडलेला माणूस पाटी उचलाले मोकळा असते का? हात अडकला तर हात कुठून आणन? म्हून ठीक असलं की दाखवाचं, आणि दिसेनासं झालं की बंद. पाटी पडली, माणूस पडला, कोनाची झोप लागली, काही झालं तरी बंदच." इतकी वर्षं बोटं बांधत होतो, पण हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

थप्पीच्या कोपऱ्यावर शेवंता. फळ्या वाहणाऱ्या बायांतली ती सगळ्यात तरतरीत. तिचा नियम : सोमाजीची पाटी वर दिसली तर हात वर, नाहीतर खाली. तिच्यानंतर मी. माझा नियम जरा गुंतागुंतीचा, कारण मी शिकलेला. शेवंताचा हात वर पाहिजेच, आणि त्याशिवाय एकतर भाऊंची शिट्टी वाजली पाहिजे, किंवा माझा स्वतःचा हात आधीपासूनच वर पाहिजे, तर हात वर. म्हणजे शिट्टी एकदाच वाजायची आणि पुढे मी माझ्याच हाताकडे बघून ठरवायचं की हात वर आहे, तर मग वरच ठेवू. "एकदा लागलं की सोताले धरून ठेवते, त्याले म्हणतात होल्डिंग," भाऊंनी समजावलं. दिवसाढवळ्या आपल्याच हाताकडे टक लावून उभा राहिलेला कंपाउंडर बघून फळ्यावाल्या बाया पदरात तोंड खुपसून हसत होत्या. माझ्यानंतर रहीमचाचा : डाक्टरचा हात वर, तर आधी पट्टा, मग करवत, मग साखळी. हात खाली, तर सगळं बंद. पट्ट्याआधी करवत नाही आणि करवतीआधी साखळी नाही, नाहीतर ओंडके पुढे चढतील आणि फळ्या तुंबतील.

शेठ आला, त्याला खुर्ची दिली. भाऊंनी शिट्टी वाजवली.

काहीच झालं नाही.

भाऊंनी पुन्हा वाजवली. मी शेवंताकडे बघतोय, तिचा हात खाली. चाचा माझ्याकडे बघताहेत, माझा हात खाली. शेठने घड्याळ बघितलं. भाऊ घाम पुसत रांगेच्या शेवटापासून एकेकाला तपासत निघाले. चाचांना विचारलं, ते म्हणाले, "मैं तो डाक्टर के हाथ पे हूं." मला विचारलं, मी शेवंताकडे बोट दाखवलं. सोमाजीकडे गेले, तर तो बिचारा घाम गाळत पाटी डोक्यावर धरून उभाच होता. म्हणजे बिघाड शेवंतापाशी. बघतात तर शेवंता पदर पार नाकापर्यंत ओढून भिंतीकडे तोंड करून उभी.

"बाई, तिकडं काऊन पाहून राह्यल्या? पाटी पाहा ना!"

शेवंताने पदर आणखी खाली ओढला. शेजारची बाई कुजबुजली, "कशी पाहीन जी? भासरा होय तो तिचा."

भाऊंनी कपाळावर हात मारला. सोमाजी तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर तोंड उघडं टाकायचं नाही, त्याच्याकडे नजर करून बघायचं नाही, नाव तर मुळीच घ्यायचं नाही. नागपूरच्या कोणत्याही पेटीत हा दोष निघाला नसता. शेठ खुर्चीतून उठायच्या बेतात. तेवढ्यात थप्पीमागून शेवंताची सासू, म्हणजे सोमाजीची आई, कमरेवर हात ठेवून पुढे आली. "एवढा कायले घोळ घालून राह्यले? घरी त्याले पानी पायजे तं तो मले सांगते, मी इले सांगते. इथीबी मलेच मधात उभं करा."

भाऊंनी त्या बुढीचे पायच धरायचे बाकी ठेवले. "मधला रिले!" ते ओरडले. "दोन लाइनी सरळ जोडता येत नाई, तवा मधात एक रिले टाकतात. कंपाउंडर, पाहून घ्या, हाच तो!" मी बघून घेतलं. मधला रिले तंबाखू मळत होता.

मग शिट्टी वाजली. सोमाजीची पाटी बघून बुढीचा हात वर, बुढीचा बघून शेवंताचा वर, तिचा बघून माझा वर आणि इंजिनघरातून खटक्यांचे आवाज. पट्टा फडफडला, करवत गुणगुणली आणि मग किंचाळली, साखळी खडखडत निघाली. एकही माणूस ओरडला नाही. सोमाजीने मुद्दाम पाटी खाली घेतली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं थांबलं. पुन्हा शिट्टी, पुन्हा सुरू. बाया टाळ्या वाजवू लागल्या. मला इतकं हसू यायला लागलं की हात हलायला लागला आणि भाऊ ओरडले, "रिले हसत नसते!" पण हसत तेही होते, चष्म्याआडून पाणी येईपर्यंत. माझ्या आयुष्यात मी इतका कामाचा कधीच नव्हतो.

शेठ तर खूश. खुर्चीवरून उठला आणि भाऊंची पाठ थोपटली. "वा! हे तं लय झकास झालं. मंग पेटी पायजेच कायले? हेच चालू ठेवा रोज."

भाऊंचं तोंड असं पडलं, की मला त्यांच्याकडे बघवेना. आपली गोष्ट इतकी छान पटवली, की पेटीच हुकली. ते बोलायला लागले, माणूस थकते, माणूस शिंकते, माणसाले घर आठवते. शेठ ऐकेना. "एका जागी उभं राहून हात वर-खाली कराले काय थकवा येते?"

"मंग तुम्हीच राहा उभे," भाऊ एकदम म्हणाले. मालकाशी असं बोलणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होतो. "कंपाउंडरच्या जागी. जर दुपारपर्यंत चूक झाली नाई, तर पेटी मी सोता परत नेतो."

शेठला चेव आला. कोट काढला, बाह्या वर केल्या, माझा नियम घोकून पाठ केला आणि माझ्या जागी उभा राहिला. सुरुवातीला फार मजेत. सगळ्यांना दाखवून दाखवून हात वर. मग ऊन पत्र्यावर आलं. मग खांद्यात कळ आली असावी, कारण या हाताचा तो हात व्हायला लागला. मग त्याच्या नाकावर एक माशी बसली, ती उठली, पुन्हा बसली. मी आणि भाऊ थप्पीला टेकून बघत होतो आणि मला वाटतं आम्ही दोघंही त्या माशीच्या बाजूने होतो.

तेवढ्यात करवतीत सालपट अडकलं. सोमाजीने पाटी खाली टाकली. बुढीचा हात खाली, शेवंताचा खाली, शेठचा खाली आणि सगळं थांबलं. अगदी बरोबर. सोमाजी वाकला आणि त्याने करवतीच्या दातांमध्ये हात घालून सालपट ओढायला सुरुवात केली.

आणि शेडच्या दारात रेंजर साहेब आले. शेठचा जुना दोस्त. शेठचा चेहरा उजळला आणि त्याने हात उंच करून हाक मारली, "या, या, साहेब!"

इंजिनघरात खटका पडला. पट्टा फडफडला.

भाऊंच्या तोंडात शिट्टी होती. त्यांनी ती जीव तोडून वाजवली, थांबवण्यासाठी. पण शिट्टीचा नियम त्यांनीच ठरवलेला होता : शिट्टी म्हणजे सुरू करा. शेठने शिट्टी ऐकली आणि शेवंताचा हात खाली आहे हे न बघताच, शहाण्या मुलासारखा हात आणखी उंच केला. मी पळत सुटलो, पण मध्ये फळ्या होत्या. आधी पट्टा, मग करवत. मध्ये एका श्वासाचं अंतर.

त्या श्वासात शेवंताने मान वळवली. बुढीकडे बघितलं नाही. तिने सरळ भासऱ्याकडे बघितलं, पदर डोक्यावरून पडलेला, आणि आख्ख्या शेडभर घुमेल अशी ओरडली, "सोमा! हात काढ!"

करवत अजून किंचाळायला लागली नव्हती, म्हणून ते ऐकू गेलं. सोमाजी उताणा पडला. त्याच्या हातातलं सालपट करवतीने घेतलं आणि त्याचा भुगा आमच्या तोंडावर उडाला.

ओरडणं ऐकून चाचांनी सगळे खटके काढले. सोमाजी जमिनीवर बसून स्वतःचा हात उलटासुलटा करून बघत होता. मी जाऊन तो हात धरला आणि कोपरापर्यंत चाचपला. कुठे ओरखडाही नव्हता. शेठ तसाच हात वर करून उभा होता. कोणीतरी जाऊन तो खाली केला.

भाऊ शेवंतासमोर जाऊन उभे राहिले. "बाई, तुमच्याले तर हा नियम नव्हता. तुम्ही काऊन ओरडल्या?"

"नियम कोनाले आठवते जी," ती म्हणाली. "हात दिसला ना त्याचा." आणि एवढा वेळ उभी असलेली ती खाली बसून रडायला लागली. सासूने तिचा पदर उचलून तिच्या डोक्यावर नीट बसवला. "आज नाव घेतलं तं घेतलं," बुढी म्हणाली. "उद्यापासून मी हावो मधात." आणि तीही रडायला लागली. मग कोणाचं तरी लक्ष शेठकडे गेलं. तो सागाच्या ओंडक्यावर बसून पाणी पीत होता आणि पाणी अर्धं अंगावर सांडत होतं. "पेटी सुकवा," एवढंच तो म्हणाला.

पेटी सुकायला बरेच दिवस गेले. भाऊ, मी, चाचा आणि फळ्यावाल्या बाया, सगळ्यांनी मिळून एकेक पट्टी चिंधीने घासली. शेवंताला त्यात इतका रस वाटू लागला की कुठल्या पट्टीखाली गाळ राहिला आहे ते ती बोटानेच ओळखायची. भाऊंनी एक बदल केला. शिट्टीऐवजी दोन बटणं लावली, सुरू करायचं एक आणि बंद करायचं एक. बंदचं लाल, मोठं, तळहाताएवढं, आणि ते एकाच जागी नाही तर शेडभर, जिथून तिथून हात पोचेल असं. "शिट्टीची चूक माझी," असं ते येईल-जाईल त्याला सांगायचे, इतक्या वेळा की आम्ही शेवटी त्यांना गप्प करायचो. पेटी सुरू झाली त्या दिवशी आत टकटक टकटक आवाज ऐकून बुढीने पेटीला कुंकू लावलं आणि आत उभ्या असलेल्या माणसांना बसायला जागा आहे का, ते भाऊंना विचारलं. भाऊंनी गंभीरपणे सांगितलं की ते उभ्यानेच काम करतात.

माझा दवाखाना त्यानंतर बदलला. खोकला, हिवताप, पोरांचे कान. लोकांना माझ्याकडे यायची भीती वाटेनाशी झाली. एकदा एक माणूस उपरण्यात हात गुंडाळून आला आणि माझ्या काळजाचं पाणी झालं. उलगडलं तर आत मोहाची फुलं होती, माझ्यासाठी आणलेली.

भाऊ पुढे दोनेक पावसाळे राहिले. मग सिरोंच्याकडे गोदावरीकाठी कोणी नवी आरामशीन टाकली आणि त्यांना बोलावणं आलं. तिथे अजून ओरडूनच काम चालतं हे ऐकल्यावर त्यांना राहवेना. आम्ही सगळ्यांनी अडवून बघितलं. वहिनीही रडल्या, कारण आता कुठे त्यांची न्हाणीवाली बदनामी विझली होती. जायच्या दिवशी मोटारीपाशी आख्खी आरामशीन जमली. शेठ आला, रेंजर साहेब आले. चाचांनी सामान टपावर चढवलं आणि बांधता बांधता दोरीलाच शिव्या घातल्या, म्हणजे लोकांना वाटावं की डोळे दोरीमुळे ओले झालेत.

सोमाजी मागे उभा होता. तो बोलणारा माणूसच नव्हता. मोटारीने भोंगा दिला तेव्हा तो गर्दीतून पुढे आला आणि रामराम करायला हात जोडू लागला. भाऊंनी त्याचा उजवा हात मध्येच पकडला. उघडला, तळवा वर केला आणि आपल्या जाड्या बोटांनी एकेक बोट दाबून बघितलं, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, सावकाश, अंधारात पैसा चाचपावा तसं. कंडक्टर ओरडत होता. ड्रायव्हरही वळून बघत होता. भाऊंनी ऐकलंच नाही. अंगठ्यापाशी आले आणि तो मुठीत धरून तसेच उभे राहिले, आणि सोमाजीही हात सोडवून घेईना.

मी तोंड फिरवलं. इतकी वर्षं मी रक्त बघत आलो होतो, कधी पापणी हलली नव्हती. पण ते मला बघवलं नाही.